जुना रोलर कोस्टर 'नवा' करून आणला, तर तो आता तोच आहे का?

बोरीकाठचा | १४ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. मूळ गाव अमळनेर, पोटापाण्याला बर्मिंगहॅम, हे जुन्या लोकांना माहीत आहेच. भरीत पार्ट्यांच्या धाग्यांतून जरा वेळ मिळाला तर हा पण वाचा.

२००६ ला इथे शिकायला आलो तेव्हा हॉस्टेलच्या पोरांसोबत ऑल्टन टॉवर्सला गेलो होतो, स्टॅफर्डशायरमध्ये आहे. तिथे 'नेमेसिस' नावाचा रोलर कोस्टर आहे, १९९४ सालचा. ह्यात डबा रुळावर नसतो, रूळ डोक्यावर आणि आपण खाली लटकलेले, पाय मोकळे. तोवर मी यात्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे कशातच बसलेलो नव्हतो. उतरल्यावर दोन मिनिटं मला मराठी पण सुचत नव्हतं, खरंच सांगतो. मित्र विचारतोय काय झालं आणि मी नुसता कठडा धरून उभा.

तर हा नेमेसिस २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केला, जवळपास सगळा रूळ काढून त्याच मापाचा नवा टाकला आणि गेल्या महिन्यात, १६ मार्चला, 'नेमेसिस रीबॉर्न' म्हणून उघडला. ईस्टरच्या सुट्टीत लेकीला घेऊन गेलो. उंचीची अट १.४ मीटर. पोरगी पट्टीखाली उभी राहिली तर जेमतेम टेकली, तिथल्या बाईने केसांचा क्लिप काढायला लावला आणि परत मोजलं, पास!

रूळ आता काळा कुळकुळीत, त्यावर लाल शिरा रंगवल्यात. वळणं सगळी तीच, डोळे मिटून सांगितली असती. पण मी घाबरलोच नाही. छान वाटलं, मजा आली, संपलं. लेक खाली उतरून थरथरत होती आणि मी घड्याळ बघत होतो. येताना गाडीत डोक्यात एकच, हे त्यांनी नीट करता करता काहीतरी काढून टाकलं की माझंच काही निघून गेलंय?

तुमच्याकडे कोणाला असं झालंय का? रोलर कोस्टरच पाहिजे असं नाही, यात्रेतला पाळणा पण चालेल.

---

धुळेकर_पाचकंदील

पहिला मी. वाचून येतो.

---

केळीबाग

भो, वय विचारू का? २००६ ला २२ चे असाल तर आता ४० चे झाले. आता तुम्हाला रोलर कोस्टरची नाही, होमलोनच्या हप्त्याची भीती वाटत असेल.

---

धुळेकर_पाचकंदील

वाचलं. अहो इथे तर उलटं आहे. एकवीरा मातेच्या यात्रेत दरवर्षी 'नवीन' पाळणा येतो आणि मी शपथेवर सांगतो, तो तोच असतो. लहानपणी साधे पिवळे बल्ब होते, मग ट्यूबलाइट आल्या, आता एलईडीच्या पट्ट्या. तोच ब्रेक डान्स एका वर्षी सुनामी होता, पुढच्या वर्षी त्याचं नाव त्सुनामी झालं, कारण पेंटर बदलला. खालच्या पत्र्यावर जुनं नाव नीट पुसलेलं पण नसतं. तिकडच्या लोकांनी सगळं लोखंड बदलून नाव थोडंसं बदललं, आमच्याकडे नाव बदलतं आणि लोखंड तेच. पुढच्या आठवड्यात चैत्री पौर्णिमा आहे, जाऊन बघतो यंदा काय नाव आहे.

---

खापरावरची

बोरीकाठचा भाऊ, इतला पैसा दीसन घाबराले जास का? आखाजीले ये, निंबले झोका बांधेल शे, पैसा बी लागत नही.

---

बोरीकाठचा

हाहाहा मावशी. झोक्यावरून आठवलं, आमच्या गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी झोक्यावर आणि आम्ही पोरं पत्ते कुटत बसायचो. झोक्यावर आम्हाला कोणी बसूच द्यायचं नाही, हाकलून लावायच्या.

केळीबाग, ३९. हप्त्याचं मात्र अगदी बरोबर.

---

भुसावळ_लोको

रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता रिटायर. रोलर कोस्टरमधलं मला कळत नाही पण लोखंडातलं कळतं, म्हणून लिहितो.

त्यांनी रूळ का बदलला असेल हे साधं आहे. सायकलची तार घ्या आणि एकाच जागी इकडे तिकडे वाकवत बसा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही आणि मग एकदम तुटते. ताकद जास्त लावली म्हणून नाही, तेवढीच ताकद पुन्हापुन्हा लावली म्हणून. ह्याला फटीग म्हणतात. दिवसभर गाड्या एकाच वळणावरून जाणार, प्रत्येक वेळी त्याच जोडावर तोच दाब, असे जवळपास तीस सीझन. भेग बहुतेक वेल्डिंगच्या जवळ सुरू होते आणि सुरुवातीला डोळ्याला दिसत नाही.

आमच्याकडे ती शोधायला एक पद्धत होती. भाग घासूनपुसून स्वच्छ करायचा, त्यावर लाल रंगाचं पातळ औषध लावायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा म्हणजे ते भेगेत उतरतं. मग वरून पुसून काढायचं, अगदी कोरडं. मग पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ आपोआप उमटते. नवीन पोरांना पहिल्यांदा दाखवलं की ती हरखून जायची. मला मात्र ३१ वर्षांत एकदाही ती रेघ बघून आनंद झाला नाही, कारण ती उमटली म्हणजे तो पार्ट गेला आणि माझी रात्रपाळी वाढली.

तर काळ्या रुळावर लाल शिरा रंगवल्यात हे वाचून मला पहिल्यांदा तेच आठवलं. आमच्या खात्यातला कोणी तिथे बसणार नाही एवढं नक्की.

---

शेवभाजी_झणझणीत

भुसावळ काका, शेवटची ओळ वाचून पाणी नाकात गेलं.

---

गिरणाकाठची

काका मस्त लिहिलंत. पण मग मूळ प्रश्न राहिलाच की. इंजिनाचं सगळं बदललं तर ते तेच इंजिन का?

---

भुसावळ_लोको

ताई, आमच्याकडे ह्याचं उत्तर फार सोपं होतं, जो नंबर पाटीवर तेच इंजिन. पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, आलं की बोगी (चाकांचा सांगाडा) वेगळी, मोटर वेगळ्या, चाकं तर बदलतातच. बाहेर पडताना नंबर तोच. ड्रायव्हर लोक मात्र दोन दिवस चालवून सांगायचे की हे ते राहिलं नाही, जुनं बरं होतं. कागदावर बघितलं तर जुन्याच्या दहा तक्रारी त्यांनीच लिहिलेल्या असायच्या.

---

कासोद्याचा_राजा

नेमेसिस जगातला पहिला लटकणारा कोस्टर आहे ना? यूट्यूबवर बघितलं होतं.

---

चकरी

नाही. पहिला 'बॅटमॅन द राइड', १९९२, शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिकामध्ये. नेमेसिस युरोपातला पहिला. दोन्ही बनवणारी कंपनी एकच, बॉलिजर अँड माबियार्ड, स्वित्झर्लंडची. मी वेडा आहे ह्या विषयाचा, नंदुरबारात बसून हा छंद म्हणजे वाळवंटात पोहणं शिकल्यासारखं आहे.

नेमेसिसची खरी गंमत उंचीत नाहीच. तिथे नियम होता की झाडांच्या शेंड्यांच्या वर काही दिसता कामा नये. मग जॉन वॉर्डली म्हणून त्यांचा डिझायनर, त्याने वर जायचं सोडून खाली जायचं ठरवलं. खडक सुरुंगाने फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्या खड्ड्यात बसवला. जमिनीपासून उंची फक्त १३ मीटर, पण सगळ्यात मोठा उतार जवळपास ३२ मीटर. वेग ८१ किमी, लांबी ७१६ मीटर, चार वेळा माणूस उलटा होतो, आणि हे सगळं जेमतेम ऐंशी सेकंदात. ८१ म्हणजे काही नाही हो, नंदुरबार-शहाद्याला वडापवाला त्याच्यावर नेतो. पण दोन्ही बाजूला खडकाची भिंत आणि तुमचे पाय लोंबकळतायत, पायाखालून दगड सर्रकन जातात, म्हणून तो वेग दुप्पट वाटतो.

आणि भारतातल्यांसाठी, खोपोलीजवळ इमॅजिकामध्ये जो 'नायट्रो' आहे, २०१३ चा, तो पण ह्याच कंपनीचा. फक्त तो लटकणारा नाही, त्यात रूळ खालीच असतो पण डब्याला तळ नसतो. १०५ किमी वेग. मी सहा वेळा बसलोय, त्यातल्या चार एकाच दिवशी.

---

शेवभाजी_झणझणीत

वडापवाल्याच्या गाडीला पण तळ नसतो कधी कधी. मी रस्ता बघत बघत गेलोय.

---

कासोद्याचा_राजा

चकरी भाऊ धन्यवाद, चूक झाली. आणि हो, वडापमध्ये ३२ लोक पण बसतात.

---

चकरी

नेमेसिसच्या एका गाडीत पण बरोबर ३२ बसतात! चारच्या आठ रांगा. योगायोग बघा.

---

धरणगावकरीण

आमच्याकडच्या बारागाड्या कोणी लिहिल्या नाहीत अजून म्हणून मी लिहिते. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, वर माणसं गच्च भरलेली, आणि भगत त्या ओढत नेणार. माझ्या माहेरी चैत्रात असतात. लहानपणी एकदा काकाने मला शेवटच्या गाडीवर चढवलं होतं. ब्रेक नाही, पट्टा नाही, काही नाही. पुढून लोक ओरडतायत, मागे धूळ, गाडी एका खड्ड्यात आदळली तेव्हा मी शेजारच्या अनोळखी आजोबांच्या पागोट्याला धरलं आणि ते सोडलंच नाही, अख्खं उलगडलं. ते आजोबा रागावले नाहीत, नुसते म्हणाले धर पोरी, धर.

आता त्याच गाड्या आहेत का विचाराल तर नाहीत. लाकडी चाकं जाऊन रबरी टायर आले, सांगाडा लोखंडी. गेल्या वर्षी भाचीला घेऊन गेले. टायरमुळे आवाजच येत नाही! लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, तिचा दगडावर जो खडखडाट व्हायचा तो बारा गाड्यांचा मिळून पोटात घुमायचा. आता नुसतं सुंई. भाची म्हणे मजा आली आत्या. मला मात्र सारखं वाटत होतं की आवाज बंद करून टीव्ही बघतेय.

बोरीकाठचा, तुमच्या त्या कोस्टरला आवाज होता का आधी?

---

बोरीकाठचा

ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलं. होता! रांगेत उभं असताना डोक्यावरून गाडी गेली की घरघर घुमायची, मालगाडी पुलावरून जाते तशी. रांग खडकांतून जाते, लाल पाण्याचे धबधबे आहेत मध्ये, त्यात तो आवाज. ह्या वेळी मला तो कमी वाटला. पण खरंच कमी झालाय की १८ वर्षांत माझ्या मनातच तो वाढला, हे सांगता येत नाही.

---

चकरी

ते रूळ पोकळ असतात, त्यांना जोडून चौकोनी पोलादी पेटीसारखा कणा असतो, त्यामुळे चाकांचा आवाज त्यात घुमतो, ढोलासारखा. काही पार्क तर आवाज कमी करायला आत वाळू भरतात. चाकं तीन प्रकारची असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खाली, म्हणजे गाडी उलटी झाली तरी रूळ धरून राहते. चाकाच्या बाहेरचा थर प्लॅस्टिकसारख्या मटेरियलचा, तो नवीन असला की वेगळं लागतं, झिजला की वेगळं. आणि थंडीत सकाळी गाड्या जरा हळू पळतात, दुपारनंतर ग्रीस आणि चाकं गरम झाली की सुटतात. तुम्ही किती वाजता बसला होता? आणि कुठल्या रांगेत?

---

बोरीकाठचा

सकाळी. गेट उघडल्या उघडल्या पळालो. मधली रांग, लेक म्हणाली मध्येच बसू.

---

चकरी

मग काय राव! एप्रिलची इंग्लंडमधली सकाळ आणि मधली रांग. मागची रांग घ्यायला पाहिजे होती. पुढचे डबे उतरायला लागले की मागचा डबा अजून चढावरच असतो आणि त्याला पुढचे खसकन ओढून नेतात. संध्याकाळी, शेवटची रांग. पुन्हा जा.

---

जुनंतेसोनं

मला हे नूतनीकरण प्रकरणच पटत नाही. जे आहे ते राहू द्यावं, झालं जुनं तर बंद करा. आमच्या जळगावात पण जुने वाडे पाडून वर 'वाडा' असं नाव देऊन अपार्टमेंट बांधतात. एस्सेल वर्ल्ड बघा, शाळेच्या सहलीत बोटीने गेलो होतो, बंद झालं ते झालं. निदान आठवणीत तसंच राहिलं.

---

गिरणाकाठची

जुनंतेसोनं, म्हणजे माणूस आजारी पडला तर ऑपरेशन नको, फोटो लावून मोकळे व्हा?

---

जुनंतेसोनं

ताई तुम्ही विषय भलतीकडे नेताय.

---

पारोळा_बायपास

मी जुनंतेसोनं यांच्याशी सहमत नाही आणि कारण सांगतो. एका गावच्या यात्रेत, नाव नको, आम्ही दोघं नवराबायको आकाशपाळण्यात बसलो. नवीन लग्न झालेलं. दाराला कडी म्हणजे एक लोखंडी आकडा, त्याला सुतळीने गाठ. वर गेलो आणि पाळणा थांबला. आम्हाला वाटलं खाली लोक बसवतायत, रोमँटिक वगैरे. दहा मिनिटं झाली. खालून पाळणेवाला ओरडून पोराला सांगतोय, जा रे पंपावर, डिझेल आण. जनरेटरचं डिझेल संपलेलं! पोरगा सायकलवर गेला, आम्हाला वरून दिसतोय, जाताना रसवंतीवर थांबला, रस प्यायला, मग गेला. बायको रडायला लागली. मी धीर द्यायला हात धरला तर पाळणा हलला म्हणून तीच म्हणाली हात सोडा. पाऊण तास. आजही भांडण झालं की ती म्हणते तुमच्यासोबत मी तेव्हाच अडकले.

तर मुद्दा असा की रूळ बदला, बोल्ट बदला, सगळं बदला. भीती वाटली पाहिजे ती वाटण्यापुरती. सुतळीची भीती वेगळी आणि उताराची वेगळी.

---

शेवभाजी_झणझणीत

रस प्यायला थांबला! त्या पोराचा सत्कार करा कोणीतरी.

---

केळीबाग

वहिनींची बाजू ऐकायला आवडेल.

---

धुळेकर_पाचकंदील | २५ एप्रिल

जाऊन आलो यात्रेत. यंदाचं नाव 'सुनामी' परत आलंय. पेंटर जुनाच मिळाला वाटतं. गोडीशेव घेतली पाव किलो, ती मात्र तीच आहे, कुणी नूतनीकरण केलेलं नाही.

---

खापरावरची

बोरीकाठचा भाऊ, एक विचारते, रागावू नको. गाडी पळत होती तेव्हा तू कुठे बघत होतास?

---

बोरीकाठचा

म्हणजे मावशी?

---

खापरावरची

म्हणजे समोर की पोरीकडे. आम्ही आखाजीला झोका घ्यायचो, उभ्याने, दोघी दोघी, फांदी कडाकडा वाजायची तरी भीती नाही आणि पोटात गोळा मात्र यायचा, तो पाहिजेच असायचा. मग माझी लेक मोठी झाली, ती झोक्यावर आणि मी खाली उभी. मग एकदा तिने मला ओढून सोबत घेतलं. मला काहीसुद्धा कळलं नाही झोका कुठवर गेला. मी सगळा वेळ तिची मूठ दोरावर घट्ट आहे का तेवढंच बघत होते.

---

बोरीकाठचा

...

मावशी, मी तिच्या खांद्यावरचा तो जाड पट्टा बघत होतो. सुरुवातीला तो दोनदा ओढून बघितला, मग पूर्ण वेळ मान तिकडेच. कोस्टर उलटा होतो तिथे पण. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की खडक मला दिसलेच नाहीत.

---

भुसावळ_लोको

इन्स्पेक्शन ड्युटीवर असलेल्या माणसाला प्रवासाची मजा येत नाही. हे मी घरी बायकोला वर्षानुवर्षं सांगतोय. गाडीत बसलो की मी चाकाचा आवाज ऐकतो आणि ती म्हणते खिडकीबाहेर बघा.

---

गिरणाकाठची

खापरावरची मावशी, तुम्ही ह्या साइटवर अजून लिहीत जा हो.

---

खापरावरची

लिहिते की. नातू टाइप करून देतो, त्याची परीक्षा संपली म्हणून.

---

बोरीकाठचा | ७ मे

अपडेट. काल इथे बँक हॉलिडे होता, पुन्हा गेलो. लेक तिच्या मैत्रिणीसोबत, मैत्रिणीची आई त्यांच्याबरोबर. मी चकरी भाऊंचं ऐकून संध्याकाळी साडेचारला, शेवटची रांग, एकटा, शेजारी एक अनोळखी टक्कल असलेला गोरा गडी.

वर साखळी टकटक करत नेते तोपर्यंत मी ठीक होतो. मग पुढचे गेले आणि मागून कोणीतरी कॉलर धरून फेकल्यासारखं झालं. पहिल्या पिळात डावा बूट सैल आहे हे आठवलं आणि त्यानंतर मी फक्त बुटाचा विचार केला, पायाची बोटं आवळून. खडक एवढा जवळून गेला की मी पाय वर घेतले, आता एवढ्या वर्षांपासून लोक जातायत तर माझेच पाय कसे आपटतील, पण घेतलेच. मध्ये कुठेतरी मी 'ओ माय वं' असं ओरडलो. अहिराणीत! घरी मी अहिराणी बोलत नाही, आजी गेल्यापासून कोणाशीच नाही. तो गोरा गडी उतरल्यावर विचारतो, त्याचा अर्थ काय.

आवाज मात्र, धरणगावकरीण ताई, मला अजूनही कमीच वाटतो. त्यावर मी ठाम आहे.

---

धरणगावकरीण

माझंही तेच. टायर काढा आणि चाकं लावा परत.

---

चकरी

शेवटची रांग! सांगितलं होतं!! आता शेवटची रांग, पाऊस पडत असताना. ओल्या रुळावर अजून सुटतो.

---

पारोळा_बायपास

बूट पडला नाही ना?

---

बोरीकाठचा

नाही. पण उतरल्यावर लेस बघितली तर दोन्ही बुटांची नीट बांधलेली होती.

---

खापरावरची

शुक्रवारी आखाजी शे. झोका बांधाई गया. पोरीले फोटो धाडू का?

---

बोरीकाठचा

धाडा मावशी. ती विचारतेय उंचीची अट किती.

---

खापरावरची

पाय भुईले लागाले नको, इतलीच.